आचरणाची साक्ष : ‘स्मृतिचित्रे’ आणि ख्रिस्ती आत्मकथनांतील प्रभावाचा प्रश्न

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास बहुधा धर्मांतराच्या घटनेभोवती फिरत आला आहे. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याविषयी लिहिताना बाप्तिस्म्यापर्यंतचा वैचारिक प्रवास, त्याआधीचे वादविवाद आणि त्यानंतरचा सामाजिक बहिष्कार यांना प्राधान्य मिळते. हे स्वाभाविकही आहे. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ख्रिस्ती होणे हा एकाच वेळी श्रद्धेचा, जातीचा आणि कुटुंबाचा प्रश्न होता. गौरी विश्वनाथन यांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आउटसाइड द फोल्ड’ या ग्रंथात धर्मांतराकडे प्रस्थापित व्यवस्थेशी असलेली असहमती म्हणून पाहिले आणि त्या मांडणीत रमाबाईंना महत्त्वाचे स्थान दिले. त्यामुळे या अभ्यासाला नवे परिमाण लाभले. तथापि या विवेचनांत एक प्रश्न मागे राहून जातो. बाप्तिस्म्यानंतर ही माणसे वर्षानुवर्षे जशी जगली, त्या जगण्याचा परिणाम आसपासच्या माणसांवर कसा झाला आणि तो परिणाम वाङ्मयात कोणत्या रूपाने नोंदला गेला?

ख्रिस्ती परंपरेने या परिणामाला ‘साक्ष’ हे नाव दिले आहे. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साक्षीदार असाच आहे. श्रद्धेसाठी प्राण देणारा हुतात्मा हा त्याचा पुढे विकसित झालेला अर्थ होय. मराठीत ‘साक्ष’ या शब्दाला न्यायसभेचा संदर्भ आहे. साक्षीदाराने आपण काय पाहिले ते सांगायचे असते. आपण किती चांगले आहोत हे सांगणे त्याच्या कामात बसत नाही. येथूनच एक पेच निर्माण होतो. श्रद्धेने जगणाऱ्या माणसाने आपल्या आचरणाची साक्ष स्वतःच द्यायची तर ती आत्मस्तुती ठरते, आणि दिली नाही तर तिची नोंद राहत नाही.

हा पेच मत्तयाच्या शुभवर्तमानातच आहे. डोंगरावरील प्रवचनाच्या पाचव्या अध्यायात शिष्यांना मिठाची आणि दिव्याची उपमा दिलेली आहे. त्यांची सत्कर्मे लोकांनी पाहावीत अशी तेथे अपेक्षा आहे. सहाव्या अध्यायाच्या आरंभीच मात्र लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नये असा इशारा येतो. भाष्यकारांनी या दोहोंचा मेळ परोपरीने घातला आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यात निवेदनाचा प्रश्न दिसतो. कर्म दिसले पाहिजे, पण ते दाखवणारा कर्ता असता कामा नये; मग ते सांगणार कोण?

प्रस्तुत निबंधाची भूमिका अशी की, श्रद्धेच्या आचरणाचा सत्प्रभाव ज्याच्यावर पडला त्याच्याच निवेदनातून तो विश्वसनीय रूपात प्रकट होतो. आणि त्या निवेदकाला नाकारण्याचे, हसण्याचे व तक्रार करण्याचे स्वातंत्र्य असेल तेव्हाच ती विश्वसनीयता टिकते. लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले आत्मकथन याचे मराठीतील सर्वांत समर्थ उदाहरण आहे. त्याचे वेगळेपण ध्यानात यावे म्हणून आधी दोन वेगळ्या संहितांकडे पाहणे सोयीचे होईल.

२

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाते. विधवांच्या स्थितीचे चित्रण हा तिचा उघड हेतू आहे. यमुना आणि तिचा पती विनायकराव प्रवासाला निघतात, वाटेत निरनिराळ्या विधवांच्या हकीकती त्यांच्या कानी पडतात. पुढे यमुनेवरच वैधव्य ओढवते आणि अखेरीस ती ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. कादंबरीतील विधवांच्या कहाण्या आजही वाचकाला अस्वस्थ करतात, कारण त्यांत निरीक्षण आहे. यमुना आणि विनायक यांचे आचरण मात्र तितके पटत नाही. ती दोघे प्रथमपासूनच समजूतदार, सौम्य आणि निर्दोष आहेत. त्यांच्या बोलण्याने कोणी विचारात पडते किंवा नरमते तेव्हा तो परिणाम कथानकाच्या गरजेतून आलेला वाटतो. ऐकणाऱ्याच्या मनात काय घडले, त्याने कोठे विरोध केला, कोणती गोष्ट त्याला अखेरपर्यंत पटली नाही, याकडे लेखकाचे लक्ष नाही.

याला केवळ कलादृष्टीची उणीव म्हणून भागणार नाही. पदमनजींनी स्वतः कुटुंबाचा विरोध सोसला होता. ‘अरुणोदय’ (१८८४) या आत्मचरित्रात त्यांनी तो मोकळेपणाने मांडला आहे. म्हणजे संघर्षाचा अनुभव त्यांच्यापाशी होता. पण ‘अरुणोदय’ हे स्वतःच्या मनातील उजाडण्याचे निवेदन आहे आणि ‘यमुनापर्यटन’ हे आदर्शाचे. पहिल्यात प्रभाव ग्रहण करणारा माणूस बोलतो, म्हणून ते सजीव आहे. दुसऱ्यात प्रभाव टाकणाऱ्यांच्या बाजूने कथा सांगितली जाते, म्हणून तेथे दुसरी बाजू मुकी राहते. एकाच लेखकाच्या दोन ग्रंथांतील हा फरक आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

३

पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या साक्षीमध्ये एक प्रसंग आहे. १८८३ साली त्या इंग्लंडमध्ये वाँटेज येथील सेंट मेरी संप्रदायाच्या भगिनींकडे राहत होत्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलम येथील आपल्या शाखेत नेले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तेथे आधार दिला जात असे. शास्त्रार्थात पारंगत असलेल्या या विदुषीला तेथे एक वेगळीच गोष्ट दिसली. ज्या स्त्रियांसाठी आपल्या धर्मशास्त्रात केवळ दंड आहे असे त्यांना वाटत होते, त्यांची तेथे मायेने शुश्रूषा चालली होती. त्यांनी याचे कारण विचारले, तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीच्या कथेकडे त्यांचे लक्ष वेधण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या प्रसंगातील क्रम महत्त्वाचा आहे. शुभवर्तमानाची ओळख रमाबाईंना बंगाल-आसामच्या काळातच झाली होती. तेव्हा ते वाचन मनात रुजले, पण निर्णयाला पुरेसे ठरले नाही. फुलममध्ये आधी कृती दिसली, कृतीने प्रश्न उभा केला आणि त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ग्रंथ पुढे आला. मिशनरी प्रचाराची रूढ पद्धत याच्या नेमकी उलट होती.

तितकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट पुढच्या पत्रव्यवहारातून दिसते. ज्या भगिनींच्या सेवेने रमाबाई प्रभावित झाल्या, त्यांचा धर्मशास्त्रीय अधिकार त्यांनी मुकाट्याने मानला नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तापासून क्रुसावरील लेख लॅटिनमध्येच का असावा, संस्कृतात का नको, इथपर्यंत त्यांनी वाद घातला. सत्प्रभाव आणि आज्ञापालन या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे त्या पत्रांतून स्वच्छ दिसते. भगिनींना ते नेहमी मानवले असे नाही. आपण ज्याला घडवले तो आपल्या ताब्यात राहावा, ही अपेक्षा सत्कर्मालाही चिकटून असते.

पुढे ही कसोटी खुद्द रमाबाईंनाच द्यावी लागली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्याला हलवलेले शारदासदन धार्मिक बाबतीत तटस्थ राहील असे ठरले होते. विद्यार्थिनींना आपापले आचार पाळण्याची मुभा होती. परंतु रमाबाई स्वतः ख्रिस्ती म्हणूनच तेथे राहत होत्या आणि त्यांची प्रार्थना बंद दाराआड चालत नव्हती. ज्या मुली येऊन बसत त्यांना त्या उठवून लावत नव्हत्या. १८९३ साली यावरून वादळ उठले, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागारांनी संबंध तोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ‘केसरी’ने रमाबाईंवर कठोर टीका केली.

या वादाचा निकाल लावणे हा येथे उद्देश नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात विचार करण्याजोगे काही आहे. रमाबाईंचे म्हणणे असे होते की, मी उपदेश केला नाही, मी जशी आहे तशी राहिले. विरोधकांचे म्हणणे असे की, निराधार, लहान वयाच्या आणि सर्वस्वी आश्रयावर अवलंबून असलेल्या मुलींच्या दृष्टीने आश्रयदात्रीचे उघडे दार हाच उपदेश असतो. आचरणाचा प्रभाव शब्दांविना पडतो म्हणून तो निरुपद्रवी मानता येत नाही. उलट, त्याला प्रतिवाद करणे शब्दांपेक्षा कठीण असते. सत्ता आणि परावलंबन जेथे आहे तेथे ‘मी फक्त जगून दाखवले’ हे उत्तर अपुरे पडते. आश्रितांपैकी कोणाला नाकारता आले का आणि नाकारल्यावर नाते टिकले का, हे पाहावे लागते.

या प्रश्नाचे एक उत्तर आनंदीबाई कर्वे यांच्या ‘माझे पुराण’ (१९४४) या आत्मकथनात मिळते. शारदासदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई म्हणजेच पुढच्या आनंदीबाई. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. मार्च १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि १८९६ साली कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. ‘माझे पुराण’मध्ये रमाबाईंविषयीची कृतज्ञता मोकळेपणी व्यक्त झाली आहे, धर्म वेगळा राहिल्याने त्या नात्यात कडवटपणा आलेला दिसत नाही. शारदासदनातून शिकून बाहेर पडलेली स्त्री हिंदू राहून विधवांच्या शिक्षणाच्या दुसऱ्या एका संस्थेशी जोडली जाते, तिच्यासाठी वर्गणी गोळा करते, ही घटना मिशनच्या वार्षिक अहवालात यशाच्या रकान्यात बसली नसती. आचरणाच्या साक्षीचा विचार करताना मात्र ती दुर्लक्षिता येणार नाही. धर्मांतरितांची संख्या हे प्रभावाचे एकमेव माप धरले तर आनंदीबाई हिशेबातून निसटतात, आणि रमाबाईंच्या कार्यातील एक मोठा भागही निसटतो.

४

‘स्मृतिचित्रे’कडे वळताना ही दोन सूत्रे, कृतीचा शब्दावरील अग्रक्रम आणि नकाराचे स्वातंत्र्य, हाताशी ठेवली पाहिजेत. लक्ष्मीबाईंना (१८६८–१९३६) शालेय शिक्षण नव्हते; वाचनाची ओळख त्यांना पतीकडूनच झाली. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई माहेरच्या आणि नात्यातल्या माणसांत होत्या. त्यानंतरची काही वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. पुढे त्या मुलासह अहमदनगरला पतीकडे आल्या, पण आपले सोवळे सांभाळूनच. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात स्त्रियांना असा उपदेश आहे की, वचन न मानणारे पती पत्नीच्या आचरणाने, शब्दावाचून जिंकले जावेत. पाश्चात्त्य परंपरेत या वचनाचे अभिजात कथारूप ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’च्या नवव्या भागात येते. ऑगस्टीनची आई मोनिका तापट आणि व्यभिचारी पतीला आपल्या सहनशील वागणुकीने आयुष्याच्या अखेरीस श्रद्धेकडे आणते. ही कथा मुलगा सांगतो, आईच्या मृत्यूनंतर सांगतो, आणि वडिलांच्या मनात काय चालले होते ते आपल्याला कळत नाही. पॅट्रिशियस जिंकला जातो, पण त्याला आवाज नाही.

टिळकांच्या घरात या रचनेची उलटापालट झालेली आहे. येथे श्रद्धावान पती आहे आणि पत्नी ‘वचन न मानणारी’. पती तर शब्दांचाच धनी. कवी, वक्ता, कीर्तनकार. त्याच्या शब्दांनी सभा जिंकल्या, पण घरातली बाई त्या शब्दांना बधली नाही. आणि ही सारी कथा ती स्वतः सांगते. म्हणजे पॅट्रिशियसला जे मिळाले नाही ते, जिंकल्या गेलेल्या माणसाचे निवेदन, ‘स्मृतिचित्रे’त आपल्याला मिळते. तौलनिक दृष्टीने पाहता या ग्रंथाचे महत्त्व येथे आहे.

शिवाय ‘जिंकली गेली’ हा शब्दप्रयोग लक्ष्मीबाईंना लावणे कठीण जावे अशी त्यांची कथनशैली आहे. राहुरीच्या वास्तव्यात त्यांच्या मनातील जातिभेद गळून पडला तो कोणा उपदेशकाच्या युक्तिवादाने नव्हे. जाती देवाने केल्या की माणसाने, याचा त्यांनी आपल्याशीच विचार केला, देवाने त्या केल्या नसाव्यात या निष्कर्षाला त्या आल्या आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला. येथे पतीचा प्रभाव कोठे आहे? तो त्या विचारासाठी मिळालेल्या अवकाशात आहे. टिळकांनी पत्नीला सोवळ्यासह घरात राहू दिले, तिच्या वेगळ्या चुलीचा अपमान केला नाही, आणि निर्णयाची घाई केली नाही. एरवी अत्यंत उतावळ्या स्वभावाच्या या माणसाने एका बाबतीत दाखवलेला धीर हीच त्याच्या श्रद्धेची मोठी साक्ष ठरली. तो धीर उतावळ्या माणसाचा आहे हे वाचकाला ठाऊक असल्यामुळेच त्याची किंमत कळते.

याच कारणाने टिळकांच्या दोषांचे चित्रण हे ‘स्मृतिचित्रे’त गौण किंवा केवळ विनोदासाठी आलेले नाही. त्यांचा संताप, घर सोडून निघून जाणे, व्यवहारशून्यता, हातातले पैसे दुसऱ्याला देऊन रिकाम्या हाताने परतणे, हे सारे लक्ष्मीबाई हसत हसत पण निःसंकोच सांगतात. संतचरित्रात दोष आले तर ते धर्मांतरापूर्वीचे असतात. नंतर माणूस उजळून निघतो. ‘स्मृतिचित्रे’तले टिळक बाप्तिस्म्यानंतरही तेच राहतात. तरीही काहीतरी बदललेले आहे हे वाचकाला जाणवते, आणि नेमके काय बदलले हे त्याला स्वतः शोधावे लागते. निवेदिकेने ते सूत्ररूपाने सांगितलेले नाही.

तुलनेसाठी कृपाबाई सत्यनाथन यांची ‘सगुणा’ घेता येईल. अहमदनगरच्या ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या कृपाबाईंनी (१८६२–१८९४) ही आत्मचरित्रात्मक कादंबरी इंग्रजीत लिहिली आणि ती १८८७-८८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या नियतकालिकातून क्रमशः आली. तिच्यातही पती आधी ख्रिस्ती होतो, पत्नी राधा दुरावते आणि हळूहळू बदलते. कथानकाचे साम्य विलक्षण आहे. दोन्ही कुटुंबांचा अहमदनगरच्या मिशनशी संबंध होता. पण ‘सगुणा’त हे सारे मुलीच्या दृष्टीतून, आदराच्या अंतरावरून आणि मराठी न जाणणाऱ्या वाचकांसाठी सांगितलेले आहे. राधेचा विरोध वाचकाला समजावून द्यावा लागतो, त्यामुळे तो वर्णनाचा विषय होतो. लक्ष्मीबाईंचा विरोध त्यांच्या वाक्यांच्या लयीतच आहे. ज्या बोलीत त्यांनी पतीशी भांडण केले, त्याच बोलीत त्यांनी ग्रंथ लिहिला.

५

आतापर्यंतच्या विवेचनात सत्प्रभावाची उजळ बाजू पुढे आली. ‘स्मृतिचित्रे’ तिची दुसरी बाजूही झाकत नाही. टिळकांच्या औदार्याची कीर्ती गावभर होती. त्या औदार्याची किंमत घरात मोजली जात होती. दान देणारा हात एकाचा आणि उद्याच्या जेवणाची विवंचना दुसरीची, अशी ही विभागणी आहे. अनाथ मुलांना घरी आणण्याचा निर्णय पतीचा असला तरी त्यांचे न्हाऊमाखू, दुखणीबाणी पत्नीकडे येतात. लक्ष्मीबाईंनी प्लेगच्या दिवसांत रुग्णसेवा केली, मुले वाढवली, आणि हे करताना कोठेही आपण आदर्श ठरत आहोत अशी त्यांची समजूत नव्हती. वाचकाच्या मनावर अखेर ज्या आचरणाचा ठसा उमटतो, ते पाहिल्यास टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंचेच अधिक असते. ज्या ग्रंथाचा प्रारंभ टिळकांच्या चरित्राला साहाय्य व्हावे म्हणून आठवणी लिहिण्यापासून झाला, त्याच्यात अशी गोष्ट घडावी यात निवेदनाच्या रूपाचा वाटा आहे. दुसऱ्याविषयी साक्ष देता देता निवेदिकेने नकळत स्वतःची साक्ष दिली. मत्तयाच्या दोन अध्यायांतील पेच असा एका मराठी स्त्रीच्या लेखनात सुटलेला दिसतो.

याहून अवघड असलेला एक प्रश्न मात्र या ग्रंथांच्या बाहेर उरतो. अहमदनगर परिसरातील मिशनच्या मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतून आलेली होती. ब्राह्मण धर्मांतरितांनी मागे आत्मकथने ठेवली. या माणसांची लेखी साक्ष त्या मानाने अगदी थोडी आहे. तरीही लक्ष्मीबाईंच्या मनातील जातिभेद ज्या परिस्थितीत गळून पडला, ती परिस्थिती कोणी निर्माण केली होती? त्यांच्या शेजारी राहणारी, त्यांच्याशी रोज बोलणारी, त्यांचे सोवळे मुकाट्याने सहन करणारी माणसे तेथे होती. आपल्या हातचे पाणी न घेणाऱ्या बाईशी सौजन्याने वागत राहणे हे आचरण लहान नाही. टिळकांच्या धीराची नोंद झाली, कारण ते कवी होते आणि त्यांची पत्नी लेखिका. या शेजाऱ्यांच्या धीराची नोंद केवळ परिणामातून, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या बदलातून, वाचावी लागते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना ब्राह्मण धर्मांतरितांच्या कथनांनाच सर्व परंपरेचे प्रतिनिधित्व दिले जाते, ही मर्यादा अभ्यासकांनी सतत ध्यानी ठेवली पाहिजे. ‘स्मृतिचित्रे’च्या काठाकाठाने वावरणाऱ्या माणसांचे वाचन हे त्या दिशेचे पहिले पाऊल होऊ शकेल.

६

आचरणाची साक्ष घेणाऱ्याच्या बाजूने सांगण्याची ही रीत मराठीला परकी नव्हती. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्र’ चक्रधरांनी लिहिलेले नाही. त्यांच्या सहवासातील स्त्रीपुरुषांच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या आणि ग्रथित केल्या. चक्रधरांचे बसणे, उठणे, जेवणे, कोणाला काही विचारणे असे लहानसहान प्रसंग तेथे टिपले आहेत, आणि स्मरणातील फरकांचे पाठभेदही परंपरेने जपले आहेत. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनात धर्मश्रद्धेवरून पतिपत्नींमध्ये पेटलेला कलह आहे. शूद्र मानल्या गेलेल्या तुकारामांना गुरू मानणारी ब्राह्मण पत्नी, तिला मारहाण करणारा पती आणि पुढे त्याचा पालटलेला भाव, हे कथन पत्नीच्याच मुखातून येते. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. लक्ष्मीबाई त्याच पुलावर, पण वेगळ्या बाजूने, उभ्या असलेल्या दिसतात. टिळकांनी अभंगाचे रूप घेतले. लक्ष्मीबाईंनी आठवणी सांगण्याची घरगुती रीत घेतली आणि तिला ग्रंथाची प्रतिष्ठा दिली. पश्चिमेकडून आलेल्या कबुलीजबाबाच्या साच्यापेक्षा या देशी रीतीशी त्यांचे नाते अधिक जवळचे आहे.

भाषांतरांकडे पाहिले म्हणजे हे विशेषत्वाने जाणवते. जोसेफीन इंक्स्टर यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतराला ‘आय फॉलो आफ्टर’ असे नाव दिले. या नावात फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या जुन्या इंग्रजी रूपाचा प्रतिध्वनी आहे, आणि पतीच्या मागून जाणारी पत्नी असाही अर्थ त्यातून निघतो. मूळ शीर्षकात असे काही नाही. तेथे केवळ आठवणींची चित्रे आहेत. शांता गोखले यांच्या २०१७ च्या भाषांतराने मूळ नाव कायम ठेवले, पण उपशीर्षकात एका तेजस्वी पत्नीच्या आठवणी असा निर्देश केला. पहिल्या नावाने ग्रंथ अनुयायाची साक्ष झाला, दुसऱ्याने स्वतंत्र वृत्तीच्या स्त्रीचे आत्मकथन. मराठी वाचकाला या दोहोंतून एक निवडण्याची गरज कधी भासली नव्हती. लक्ष्मीबाई अनुसरतातही आणि आपल्या मताने चालतातही. त्यांच्यावरील प्रभाव सत् होता याची खूण हीच की, त्याने त्यांचे मत हिरावून घेतले नाही.

टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना तीत स्थान होते. १९१९ साली त्यांचे निधन झाले आणि दरबार संस्था म्हणून फार टिकला नाही. पण त्यामागचा विचार त्यांच्या स्वतःच्या घरातील अनुभवाशी सुसंगत होता: श्रद्धेचा परिणाम मंडळीच्या नोंदवहीत मावत नाही. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि त्यातील बहुतेक अध्याय लिहिले. पतीच्या वचनांना दीर्घकाळ न बधलेल्या स्त्रीने त्याचेच काव्य आपल्या शब्दांत पुढे न्यावे, ही गोष्ट त्यांच्या सहजीवनाबद्दल पुष्कळ सांगते.

भारतीय भाषांतील ख्रिस्ती आत्मकथनांचा तौलनिक अभ्यास करताना, कोण धर्मांतरित झाला या प्रश्नासोबत, कोणाच्या जगण्याने कोण बदलला आणि ते कोणी सांगितले, हा प्रश्न विचारला तर साहित्याचा नकाशा बदलू शकेल. त्यात रमाबाईंच्या शेजारी आनंदीबाई येतील, टिळकांच्या शेजारी लक्ष्मीबाई आणि लक्ष्मीबाईंच्या शेजारी राहुरीची ती अनाम माणसे. मलयाळम, तमिळ, बंगाली, खासी अशा भाषांतील लेखनाकडेही या दृष्टीने पाहता येईल. विशेषतः जेथे घरातील एकच व्यक्ती ख्रिस्ती झाली आणि बाकीचे घर तसेच राहिले, अशा कथनांकडे. तेथे नकाराला जागा होती, म्हणून तेथील होकारालाही अर्थ आहे.